पहिली छोटी गाडी घेतलीय? पहिलं वर्ष कसं काढायचं ते सांगतो

गाडी घ्यायच्या आधी आपण सगळे एकच काम करतो, रात्री अंथरुणात पडून व्हिडिओ बघत बसायचं, हिची पॉवर किती, तिची स्क्रीन किती इंची, सनरूफ आहे का, आणि गाडी दारात आल्यावर चौथ्या दिवशी कळतं की रोजच्या वापरात यातलं फारसं काही आडवं येतच नाही. आडवं येतं ते हे की आईला मागच्या सीटवर बसता उठता येतं का, बाबागाडी डिकीत मावते का, आणि दोन गाड्यांच्या मध्ये पार्क केल्यावर अर्ध्या उघड्या दारातून पोट आत घेऊन बाहेर पडता येतं का. माझी ही दुसरी गाडी. पहिली छोटी हॅचबॅक, नऊ वर्षं वापरली, आता जरा मोठी फॅमिलीवाली आहे. दोन्हींवर ज्या चुका केल्या त्यातून हे लिहितोय, नवीन लोकांसाठी, जाणकारांना यात नवीन काही सापडणार नाही.

पायरी १: टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका

घरातले सगळे न्या. खरंच सगळे. आधी ड्रायव्हर सीट तुमच्या उंचीप्रमाणे सेट करा आणि मग ती तशीच ठेवून तिच्या मागे जाऊन बसा, गुडघे लागतात का बघा, कारण शोरूममध्ये पुढची सीट बऱ्याचदा पुढे सरकवून ठेवलेली असते आणि मागे ऐसपैस जागा दिसते. माझ्या आईचे गुडघे दुखतात. पहिल्या गाडीत बसताना ती आधी दाराला पाठ करून सीटवर टेकायची, मग एका हाताने छताजवळचा हँडल पकडून एकेक पाय उचलून आत घ्यायची, आणि उतरताना तर मी हात दिल्याशिवाय जमायचंच नाही, कारण सीट इतकी खाली होती की विहिरीतून वर आल्यासारखं व्हायचं. दुसरी गाडी घेताना मी एवढंच बघितलं की ती सरळ टेकली की झालं, वाकणं नाही आणि चढणंही नाही. सीटची उंची साधारण आपल्या बुडाच्या लेव्हलला हवी. हे कुठल्याही ब्रोशरमध्ये छापलेलं नसतं.

लहान मूल असेल तर चाइल्ड सीट बरोबर घेऊन जा आणि तिथेच बसवून बघा. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात तिथे बोटं घातली की दोन लोखंडी कड्या लागतात, ते आयसोफिक्स. काही गाड्यांत त्या इतक्या आत दडलेल्या असतात की सीट लावताना बोटं सोलतात, काहींत झाकण उघडलं की समोर. आय-साइझ नावाच्या नव्या नियमातल्या सीटमध्ये मूल किमान १५ महिन्यांचं होईपर्यंत तोंड मागे करूनच बसवायचं असतं, आणि अशी उलटी सीट पुढे चालू एअरबॅगसमोर कधीच, म्हणजे कधीच लावायची नाही. उलटी सीट मागे लावली की तिच्या पुढची सीट किती पुढे ढकलावी लागते ते बघा, छोट्या गाडीत पुढे बसणाऱ्याचे गुडघे थेट डॅशबोर्डला टेकतात, आमच्याकडे हे गाडी घेतल्यावर कळलं आणि बायको दीड वर्ष मागेच बसली.

डिकीचे लिटर बघून भुलू नका. तो आकडा बहुतेक वेळा २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचे ठोकळे भरून काढतात, असा एक ठोकळा म्हणजे एक लिटर, आणि ठोकळे कानाकोपऱ्यात जातात, तुमची सूटकेस जात नाही. चाकांच्या वरचे फुगवटे, तोंडाची रुंदी, सामान किती उंच उचलून आत टाकावं लागतं, हे प्रत्यक्ष बघायचं. जागा किती आहे यापेक्षा ती कशी वापरलीय हे महत्त्वाचं, १९५९ ची मिनी फक्त ३.०५ मीटर लांब होती आणि इंजिन आडवं बसवल्यामुळे तिच्या तळाच्या साधारण ८० टक्के जागेत माणसं आणि सामान मावायचं. २००१ च्या होंडा जॅझमध्ये पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली नेली म्हणून मागच्या सीटची बैठक उचलून उभी करता येते आणि तिथे कुंडीतलं झाड उभं नेता येतं. असलं डोकं लावलेल्या छोट्या गाडीत कधी कधी मोठीपेक्षा जास्त सामान जातं.

इंजिनचं एकच सांगतो. छोट्या गाड्यांत हल्ली तीन सिलिंडर खूप असतात, चार सिलिंडरमध्ये इंजिनचा दांडा (क्रँकशाफ्ट) दर १८० अंश फिरला की एक स्फोट होतो आणि तीनमध्ये दर २४० अंशाला, त्यामुळे सिग्नलला उभं असताना बारीक थरथर जाणवते, तो बिघाड नाही. पण ती थरथर तुम्हाला चालते का ते एसी लावून, गाडी उभी ठेवून पाच मिनिटं बसूनच ठरवा.

पायरी २: पहिल्या दिवशी गाडी न चालवता एक तास नुसतं आत बसा

लोक हसतील, हसू द्या. मॅन्युअल हातात घ्या आणि सीटपासून सुरुवात करा. पाठ टेकवून हात सरळ केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे, क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, आणि छाती ते स्टिअरिंग किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं कारण एअरबॅगला उघडायला जागा लागते. हेडरेस्ट मानेच्या नव्हे, डोक्याच्या मागे. बाजूच्या आरशात आपलीच गाडी अर्धी दिसत असेल तर आरसे बाहेर फिरवा, स्वतःच्या गाडीची जेमतेम कड दिसली की पुरे.

मग बोनेट कुठून उघडतं ते शोधा. टो करायचा हुक, जॅक, पाना, सगळं हाताने बाहेर काढून परत ठेवा. बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डवर पंपाच्या चित्राशेजारी एक छोटा बाण असतो, टाकीचं झाकण ज्या बाजूला आहे तिकडे तोंड करून. फोर्डमधल्या जिम मॉयलन यांनी १९८६ मध्ये पावसात चुकीच्या बाजूने पंपाला गाडी लावली, भिजले, आणि परत येऊन कंपनीला ही कल्पना लिहून दिली. मला तो बाण आहे हे कळायला तीन वर्षं लागली, तोवर आरशात वाकून बघायचो.

पायरी ३: पहिले हजार किलोमीटर

नवीन इंजिन बसेपर्यंत गाडी कशी चालवायची यावर लोक फार भांडतात. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते करा, साधारण सगळ्यांचं सार असं की पहिले हजार किलोमीटर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा नाही, हायवेला तासभर एकाच स्पीडने ताणायची नाही आणि वरच्या गिअरमध्ये कमी स्पीडला गाडी गुदमरू द्यायची नाही. नवीन ब्रेक पॅड आणि नवीन टायर यांनाही बसायला थोडं अंतर लागतं, त्यामुळे पहिले काही दिवस पुढच्या गाडीपासून जास्त लांब रहा.

पायरी ४: एक वही ठेवा

या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. ग्लोव्ह बॉक्समध्ये एक शाळेची वही आणि दोरीला बांधलेलं पेन. ॲप पण चालतं, पण ॲप उघडायचा कंटाळा येतो आणि फोन बदलला की डेटा जातो, वही नऊ वर्षांची माझ्याकडे अजून आहे.

टाकी फुल करा, नोझल आपोआप कट झाला की थांबा, वरून अजून टिपटिप करत भरू नका. ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी परत फुल करा, त्याच पद्धतीने, आणि किती किलोमीटर झाले भागिले किती लिटर गेले एवढं लिहा. समजा ४१२ किलोमीटर झाले आणि २४.६ लिटर लागलं तर ॲव्हरेज १६.७. स्क्रीनवर तेव्हा १८ च्या आसपास काहीतरी दिसत असेल, स्क्रीन बऱ्याचदा जरा गोडच बोलते. एका टाकीवरून काही ठरवू नका, तीन चार टाक्यांचा अंदाज घ्या. आणि कंपनीचा छापील आकडा लॅबमध्ये ठरलेल्या पद्धतीने काढलेला असतो, तो गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला आहे, तो मिळाला नाही म्हणून सर्व्हिस सेंटरला जाऊन भांडण्यात अर्थ नाही.

आता ही वही कशाला, ते ऐका. चौथ्या वर्षी माझं ॲव्हरेज १६.७ च्या आसपासवरून एकदम १४.९ वर आलं. मला वाटलं ट्रॅफिक असेल. पुढची टाकी, परत १४.८. रस्ता तोच, मीच चालवणारा. हवा बघितली, बरोबर. मग एका ओळखीच्या मेकॅनिककाकांनी फोनवरच सांगितलं की वीस मिनिटं चालव, ब्रेक जास्त मारू नको, घरी आलास की चारही चाकांजवळ हात धर, लावू नको, नुसता जवळ धर. तीन चाकांजवळ कोमट आणि पुढच्या डाव्या चाकाजवळ तवा तापल्यासारखी धग, वर जळका वास. ब्रेकच्या कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना सुकून जाम झाल्या होत्या, पाय काढला तरी पॅड डिस्कला घासत राहायचा, म्हणजे मी महिनाभर ब्रेक मारूनच गाडी चालवत होतो. पिना साफ करून ग्रीस लावलं, पॅड बदलले, पुढच्या टाकीला १६.५. गाडीने ना आवाज केला होता ना कुठला दिवा लावला होता, नुसती वही बोलली.

वहीत बाकी काय लिहायचं, तर हवा कधी भरली, टायरच्या जागा आलटून पालटून कधी बदलल्या, बॅटरी कधी टाकली, आणि कुठला विचित्र आवाज कधी यायला लागला आणि नेमका कधी येतो. "थंड असताना, पहिल्या गिअरला, डावीकडे वळताना" असं लिहून नेलंत तर मेकॅनिक तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. नुसतं "आवाज येतो काहीतरी" म्हणालात की दिवसभर गाडी तिथे उभी आणि संध्याकाळी "आम्हाला तर नाही आला".

पायरी ५: हवा आणि टायर

हवा किती ते टायरवर बघू नका, टायरवर जो आकडा असतो तो जास्तीत जास्त प्रेशरचा असतो. तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर नाहीतर टाकीच्या झाकणाच्या आत स्टिकरवर असतो, दोन आकडे असतात, दोन माणसांसाठी वेगळा आणि फुल लोडसाठी वेगळा, फॅमिली आणि सामान घेऊन लांब निघताना दुसरा. टायर थंड असताना मोजायचं, वीस किलोमीटर चालवून आल्यावर आकडा वाढलेला दिसतो आणि माणूस हवा सोडून देतो, ही चूक मी पण केलीय. तापमान १० अंश सेल्सिअसने उतरलं की साधारण दीड पीएसआय हवा कमी दिसते, म्हणून थंडी सुरू झाली की टायरचा पिवळा दिवा लागतो, पंक्चर असेलच असं नाही. नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो, महिन्याला न चुकता हवा बघणाऱ्याला त्याची गरज नाही असं माझं मत.

टायर कधी बनला ते त्याच्या बाजूवरच असतं, चार आकडी कोड, ३२२३ म्हणजे २०२३ चा ३२ वा आठवडा. नवीन टायर घेताना हा वाचा. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की खोली १.६ मिलिमीटर उरली, बऱ्याच देशांत कायद्याची मर्यादा तीच आहे, पण पावसात त्याच्या बऱ्याच आधीपासून पकड कमी व्हायला लागते. एकच कड जास्त झिजली तर चाकांची अलाइनमेंट (दिशा) बिघडलीय, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधोमध झिजला तर हवा जास्त. स्टिअरिंग ठराविक स्पीडलाच थरथरलं तर बॅलन्सिंग.

पायरी ६: सवयी

क्लचवर पाय ठेवून चालवू नका. गिअर बदलून झाला की पाय बाजूला. चढावर गाडी अर्ध्या क्लचवर धरून ठेवणं म्हणजे क्लच प्लेट किसणं, हँडब्रेक कशाला दिलाय. एएमटी असेल तरी तेच, आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच आणि गिअरचं काम मोटर करते, त्यामुळे चढावर ॲक्सिलरेटर देऊन गाडी जागेवर धरलीत तर तिथेही क्लचच जळतो. गिअर बदलताना जो झटका, जी डुलकी जाणवते ती कमी करायची असेल तर त्या क्षणी ॲक्सिलरेटर किंचित सोडा, दोन आठवड्यांत पाय शिकतो.

दुसरं म्हणजे फार छोटे फेरे. रोज दोन किलोमीटर जाऊन येणारी गाडी कमी चालते म्हणून चांगली राहते असं वाटतं, पण उलट आहे, इंजिन आणि ऑइल पूर्ण तापतच नाही, आतला ओलावा उडून जात नाही, आणि स्टार्ट करताना बॅटरीतून जेवढं गेलं तेवढं परत भरायच्या आत गाडी बंद. डिझेलमध्ये तर धुराचा फिल्टर साफ व्हायला इंजिन बराच वेळ गरम राहावं लागतं, म्हणून ज्याचं चालवणं सगळं गल्लीबोळातलंच आहे त्याने नवीन डिझेल घेऊच नये असं मी सांगेन. आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्याला काढा.

काचा आतून धुरकट झाल्या की एसी चालू करायचा आणि बाहेरची हवा आत घ्यायची, थंडी असली तरी, एसी हवेतला ओलावा काढतो. बरेच लोक घाईघाईत फडक्याने पुसत बसतात.

पायरी ७: बोनेटखाली महिन्यातून दहा मिनिटं

ऑइल बघायला गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबायचं, डिपस्टिक काढून पुसायची, परत पूर्ण घालून काढायची, दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या वर भरणंही वाईटच. कूलंट बाहेरून टाकीवरच्या रेषेत दिसतं, इंजिन गरम असताना त्या टाकीचं झाकण उघडू नका, आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं, चेहरा भाजतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, डॉट ४ ग्रेडचं ऑइल नवीन असताना किमान २३० अंशाला उकळतं आणि ओलावा शोषल्यावर ती हमी १५५ अंशावर येते, लांब घाट उतरताना पेडल नरम पडतं त्याचं हे एक कारण. म्हणून ते बहुतेक कंपन्या दोन एक वर्षांनी बदलायला सांगतात, गाडी किती चालली त्याचा संबंध नाही.

बॅटरी सहसा तीन ते पाच वर्षं जाते आणि जायच्या आधी इशारा देते, आपण ऐकत नाही. माझी एका थंडीत सकाळी नुसतं टक टक टक. आदल्या आठवड्यात सेल्फ जड फिरत होता, मी म्हटलं थंडीमुळे असेल. साधा मल्टिमीटर घ्या, रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. जम्पर केबल लावताना क्रम पाठ ठेवा, लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग लालचं दुसरं टोक चांगल्याच्या प्लसला, मग काळी चांगल्याच्या मायनसला आणि काळीचं शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब, कारण बॅटरीतून निघणारा गॅस ठिणगीने पेटू शकतो.

डॅशबोर्डचे दिवे, लाल म्हणजे बाजूला घेऊन थांबा, पिवळा म्हणजे दाखवून घ्या. इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असेल तर हळू घरी जाता येतं, तो लुकलुकायला लागला तर इंजिन मिसफायर होतंय, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा भाग) जाऊन तो जाळतं, आणि तो महागडा पार्ट आहे, त्यामुळे दामटू नका.

पायरी ८: सर्व्हिसिंग

किलोमीटर किंवा महिने, जे आधी येईल ते, हे वाक्य नीट वाचा, कमी चालणाऱ्यांचं महिन्यांचं कलम नेहमी चुकतं. गाडी देताना काय बदलणार ते लिहून घ्या आणि जुने पार्ट परत मागा. मी एकदा केबिन फिल्टरच्या (एसीची हवा गाळणारा) कडेला पेनाने तारीख लिहून ठेवली होती, गंमत म्हणून. गाडी परत आली, बिलात नवीन केबिन फिल्टर, घरी येऊन ग्लोव्ह बॉक्स खाली घेतला तर माझीच तारीख माझ्याकडे बघत होती. भांडलो नाही, फोटो दाखवला, पैसे परत आले, पुढच्या वेळेपासून दुसरीकडे. हा फिल्टर बऱ्याच गाड्यांत पाच मिनिटांत हाताने निघतो, स्वतःच बदला.

वेगळं कोटिंग, इंजिन फ्लश असले शब्द आले की मॅन्युअलमध्ये आहे का एवढंच विचारायचं.

पायरी ९: स्टेपनी

एकदा तरी घरासमोर, उन्हात, निवांत असताना चाक बदलून बघा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक, गिअरमध्ये. नट आधी चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मग जॅक, जॅक लावायची जागा मॅन्युअलमध्ये दाखवलेलीच, नाहीतर पत्रा दबतो. चाक बसवल्यावर नट समोरासमोरचे आलटून पालटून आवळायचे, शेवटचं आवळणं परत जमिनीवर, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर एकदा पुन्हा बघायचे. बारीक तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यावरच लिहिलेलं असतं, बहुतेक ८० चा स्पीड, त्याच्या वर नाही. काही गाड्यांत स्टेपनीच नसते, पंक्चर किट असतं, आणि त्या फेसाच्या बाटलीला एक्सपायरी असते, आज बघून या.

आमचं काय झालं, रात्र, पाऊस, मुलगी मागे झोपलेली, बायको छत्री आणि मोबाईलचा टॉर्च धरून उभी. मी अर्धा तास घाम गाळून चाक बदललं, जॅक खाली सोडला, आणि गाडीबरोबर नवीन चाकही खाली बसलं. सपाट. सहा वर्षं डिकीत पडून होतं, चार टायरची हवा मी दर महिन्याला वहीत लिहीत होतो आणि हे पाचवं कधी कोणी बघितलंच नव्हतं. बायको काही बोलली नाही, टॉर्च बंद केला आणि गाडीत जाऊन बसली. आता हवा भरणारा चार चाकं संपवून पाइप गुंडाळायला लागला की मी आधी डिकी उघडतो.